भावाच्या रिपोर्टमध्ये बीटीके आलंय, साक्षगंधाआधी मुलाला सांगू की नको?

पत्र थोडक्यात: नागपूरच्या एका २६ वर्षांच्या मुलीचं पत्र आहे, ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. तिच्या लहान भावाला, आता १९ चा आहे, लहानपणापासून कान फुटणं, सायनस, न्यूमोनिया हे सारखं चालू असायचं. तो सहा वर्षांचा असताना कळलं की त्याच्या रक्तात अँटीबॉडी जवळजवळ नाहीतच. तेव्हापासून दर चार आठवड्यांनी आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या तयार अँटीबॉडी, घ्यावी लागते. यंदा पहिल्यांदा जेनेटिक टेस्ट झाली आणि बीटीके नावाच्या जीनमध्ये बिघाड निघाला, मग आईची टेस्ट केली तर आई कॅरिअर, म्हणजे स्वतः निरोगी पण तो बिघाड मुलांकडे देऊ शकणारी. आईचा सख्खा भाऊ १९८० च्या दशकात चार वर्षांचा असताना न्यूमोनियाने गेला होता. आता या मुलीचं अमरावतीच्या एका मुलाशी जुळत आलंय, साक्षगंधाची तारीख काढायची आहे. आई म्हणते कोणाजवळ बोलू नको. मोठे बाबा (बाबांचे मोठे भाऊ) म्हणतात कळलं तर स्थळ जाईल आणि माझ्या दोन पोरींचंही अडेल. मुलगी विचारते, "ताई, मला पण हिवाळ्यात सारखी सर्दी होते म्हणजे माझ्यातही ते जीन असेलच ना? गूगलवर बीटीके टाकलं तर ब्लड कॅन्सरच येऊन राहिलं. टेस्ट करू का? मुलाला सांगू का? की लग्नच करू नको?" शेवटी एका ओळीत लिहिलंय की मावशीच्या मुलीला पाचवा महिना सुरू आहे, तिला यातलं काहीच माहीत नाही.

तुझे सगळे प्रश्न एका वाक्यावर उभे आहेत, "माझ्यातही ते जीन असेल तर", म्हणून आधी तेच वाक्य धरू, कारण ते बरोबर नाही. बीटीके जीन तुझ्यात आहेच. माझ्यातही आहे, अमरावतीच्या त्या मुलातही आहे, मोठे बाबांतही आहे. ते सगळ्या माणसांमध्ये असतं आणि असायलाच पाहिजे, ते नीट चालत नसेल तेव्हा तुझ्या भावासारखा त्रास होतो. म्हणजे प्रश्न जीन आहे की नाही हा नाहीच, तुझ्याकडे असलेल्या दोन प्रतींपैकी एकीत तो घरातला बिघाड आलाय का एवढाच आहे. हे बारीक वाटेल तुला, पण "माझ्यात काहीतरी घाण आहे" अशा भाषेत तू पत्रभर स्वतःबद्दल लिहिलंय ना, ते इथून सुरू झालंय.

आता हे जीन करतं काय ते समजून घे, कारण तुला हे उद्या दुसऱ्या कोणाला तरी समजावून सांगायचं आहे. बीटीके म्हणजे ब्रुटन टायरोसिन कायनेज, ६५९ अमिनो आम्लांचं एक प्रोटीन, आणि ते मुख्यतः बी पेशींमध्ये काम करतं. बी पेशी बोन मॅरोमध्ये तयार होतात आणि पुढे त्यांच्यापासूनच अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी होतात. पण मॅरोमध्ये वाढताना एक टप्पा असा येतो की पेशीच्या वरच्या रिसेप्टरकडून आलेला निरोप आत पोहोचायलाच हवा, तो पोहोचला तरच पेशी पुढे जाते. तो निरोप पुढे द्यायचं काम बीटीकेचं, ते पुढच्या प्रोटीनला फॉस्फेट जोडतं, मग पेशीत कॅल्शियम वाढतं, आणि वाढ पुढे चालू राहते. बीटीके बंद असेल तर नागपूर स्टेशनच्या आउटरला सिग्नलची वाट बघत उभ्या गाडीसारखी ती पेशी तिथेच थांबते, आणि शेवटी मरून जाते. त्यामुळे अशा मुलांच्या रक्तात बी पेशी साधारण दोन टक्क्यांहूनही कमी सापडतात, टॉन्सिल अगदी बारके असतात, आणि अँटीबॉडी नसल्यामुळे कान, सायनस, फुफ्फुस इथे बॅक्टेरिया वारंवार त्रास देतात. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, मात्र ठीक असतात. पहिले सहा-एक महिने बाळ छान असतं कारण पोटात असताना आईकडून मिळालेल्या अँटीबॉडी पुरतात, त्या संपल्या की आजारपण सुरू होतं आणि घरचे म्हणतात दात येऊन राहिले म्हणून, नजर लागली म्हणून, बोअरचं पाणी बाधलं म्हणून. तुझ्या भावाची सहा वर्षं याच्यातच गेली.

गूगलवर कॅन्सर का येतो तेही सांगते, नाहीतर रात्री पुन्हा शोधत बसशील. काही ब्लड कॅन्सरमध्ये बिघडलेल्या बी पेशी वाढण्यासाठी याच बीटीकेचा आधार घेतात, म्हणून बीटीके अडवणारी औषधं निघाली. इब्रुटिनिब हे त्यातलं पहिलं, अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं आणि त्यानंतर त्याच पठडीतली अजून आली, त्यामुळे सर्च केलं की आधी ती औषधंच दिसतात. तुझ्या भावाचा प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे, त्याचं बीटीके जन्मापासूनच काम करत नाही. कॅन्सरची ती पानं तुझ्या घरासाठी लिहिलेलीच नाहीत, बंद कर ती.

दुसरी गोष्ट तुझी सर्दी. सर्दीवरून काही ठरत नाही, आणि का ठरत नाही हे मला स्वतःला या सगळ्या विषयातलं सर्वात सुंदर वाटतं. बीटीके एक्स गुणसूत्रावर आहे. मुलांकडे एक्स एकच असतो, तो बिघडलेला आला की बदली काही नसते. मुलींकडे दोन असतात, आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक चालू, एक बंद असतो. कॅरिअर बाईच्या ज्या बी पेशींमध्ये बिघडलेला एक्स चालू राहतो त्या मॅरोमध्येच मागे पडतात, ज्यांच्यात चांगला चालू आहे त्याच वाढतात. त्यामुळे रक्तात पोहोचलेल्या तिच्या सगळ्या बी पेशी चांगला एक्स वापरणाऱ्याच असतात! तुझी आई पन्नाशीपर्यंत धडधाकट आहे ती यामुळेच. म्हणजे तू कॅरिअर असलीस तरी तुझी प्रतिकारशक्ती ठीकच असेल, आणि डिसेंबरात तुला शिंका येतात त्या इथल्या थंडीच्या. तसंच "मी तर निरोगी आहे म्हणजे माझ्यात नसेलच" हेही चूक, दोन्ही बाजूंनी अंदाज बांधता येत नाही, टेस्टच करावी लागते.

आई कॅरिअर आहे हे पक्कं झालंय, म्हणजे तू कॅरिअर असण्याची शक्यता ५० टक्के. नसलीस तर तुझ्या मुलाबाळांकडे हे जातच नाही, विषय संपला. असलीस तर प्रत्येक वेळी मुलगा झाला तर त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाली तर ती तुझ्यासारखी कॅरिअर असण्याची शक्यता निम्मी, आणि ती निरोगीच राहणार. प्रत्येक गरोदरपणात हा हिशेब नव्याने सुरू होतो बरं, पहिला मुलगा ठीक झाला म्हणून दुसऱ्याला होईलच असं काही नसतं.

आपल्या विदर्भात सिकलसेलमुळे कॅरिअर हा शब्द बहुतेकांना माहीत आहे, लग्नाआधी दोघांनी तपासून घ्या हेही ऐकलेलं असतं, पण तिथला नियम इथे लावू नको. सिकलसेलमध्ये दोघंही कॅरिअर असले तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका, म्हणून दोघांची तपासणी. बीटीकेत नवऱ्याच्या तपासणीने काहीच कळत नाही, त्याचा मुलाला एक्स जातच नाही. एकनाड, गोत्र, दोघांचा सेम ब्लड ग्रुप याचाही इथे काडीचा संबंध नाही. आणि मोठे बाबांच्या दोन्ही पोरींचाही नाही! हे तुझ्या आईच्या माहेरून आलंय, त्या तुझ्या बाबांकडच्या, त्यांच्यापर्यंत हे पोहोचायची वाटच नाही. मोठे बाबांना हे शांतपणे, एखाद्या डॉक्टरांसमोर बसवून सांगा, कारण त्यांची भीती पोरींसाठीची आहे, खरी आहे, फक्त माहिती चुकीची आहे. ती भीती गेली की तुझ्यावरचं अर्धं प्रेशर तिथेच कमी होईल असं मला वाटतं.

आता टेस्ट. माझं मत विचारशील तर कर, आणि मुलाशी बोलायच्या आधी कर. कोणी दुसऱ्याने मागितली म्हणून नाही, मुलाकडच्यांना सर्टिफिकेट म्हणून दाखवायला तर नाहीच, तुझं शरीर आणि तुझी पुढची मुलं याबद्दलची माहिती आधी तुझ्या हातात असावी म्हणून. भावाच्या रिपोर्टची कॉपी सोबत ने, त्यात नेमका कुठला बदल सापडला ते लिहिलेलं असतं, आणि त्याच्यापुढे पॅथोजेनिक (म्हणजे आजार करणारा) लिहिलंय की अर्थ अजून स्पष्ट नसलेला व्हेरिएंट लिहिलंय तेही बघून घे. तुला सगळ्या जीन्सची मोठी महागडी टेस्ट लागत नाही, घरातल्या त्या एकाच बदलासाठीची टार्गेटेड टेस्ट पुरते, ती बरीच स्वस्त पडते. धंतोली-रामदासपेठेत रक्त देता येईल, सॅम्पल बाहेरगावच्या लॅबला जातं, रिपोर्टला काही आठवडे लागू शकतात, तर साक्षगंधाची तारीख तेवढी पुढची धरायला सांग घरी. रिपोर्ट मात्र व्हॉट्सअॅपवर आला आणि एकटीने स्कूटीवर बसून वाचला असं करू नको, जेनेटिक काउन्सेलरकडे किंवा भावाला बघणाऱ्या डॉक्टरांकडे बसून वाच. आणि तुला आत्ता जाणूनच घ्यायचं नसेल तर तोही तुझा हक्क आहे, फक्त मग मूल होऊ द्यायच्या आधी तरी करशील एवढं स्वतःशी ठरव.

मुलाला सांगायचं का... हो. साक्षगंधाच्या आधी, त्याला स्वतःला, तुझ्या तोंडून. मध्यस्थाकडून नाही, मोठे बाबांकडून नाही, दोन्हीकडच्या वीस जणांसमोर दिवाणखान्यात तर अजिबात नाही.

तुझी आई म्हणते लपव, आणि मी तिला दोष देत नाही, तिने एक भाऊ गमावलाय आणि एक मुलगा दर महिन्याला सलाइनला लावलाय, त्यात मुलीचं तरी सरळ व्हावं असं तिला वाटणारच. पण या आजाराची गोष्टच अशी आहे की त्यात माहीत असणं हाच अर्धा इलाज आहे. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाचं रक्त तपासलं, तो सारखा न्यूमोनिया आणि रक्तातल्या इन्फेक्शनने आजारी पडायचा, आणि त्यांना दिसलं की याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच, म्हणजे अँटीबॉडी असलेला रक्तातला भागच, नाही. त्यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन त्याला टोचायला सुरुवात केली आणि तो सुधारला. तुझ्या भावाला मिळते ती आयव्हीआयजी त्याच वाटेवरची, हजारो डोनरच्या प्लाझ्मापासून बनलेली. जीन सापडायला मात्र १९९३ उजाडलं, दोन वेगळ्या टीमना एकाच वर्षी सापडलं. तुझा मामा गेला तेव्हा हे जीन जगात कोणालाच माहीत नव्हतं, आईला नाही, आजीला नाही, डॉक्टरांनाही नाही, तर तिने स्वतःला गुन्हेगार समजायचं कारणच काय? हा वर्षांचा हिशेब तिला बसवून सांग, नुसतं रडू नको म्हणण्यापेक्षा याचा उपयोग होईल.

म्हणजे बघ, मामा आणि भाऊ यांच्यात शरीराने बहुतेक काहीच फरक नव्हता, फरक पडला तो निदानाचा. उद्या तू कॅरिअर असलीस आणि तुला मुलगा झाला, आणि नवऱ्याला सासूला काहीच माहीत नसलं, तर आठव्या महिन्यात बाळाचा कान फुटला की तू काय करशील? तुला माहीत असूनही तोंड उघडता येणार नाही, आणि उघडलंस तर त्या दिवशी दोन धक्के एकत्र बसतील, बाळाचा आणि फसवणुकीचा. म्हणून लपवणं मला फक्त नैतिक म्हणून चूक वाटत नाही, त्यात खरोखर एका बाळाच्या जिवाचा प्रश्न आहे.

बोलताना माफी मागत बोलू नको. सेमिनरी हिल्सला जा फिरायला, किंवा जिथे निवांत बोलता येईल तिथे, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली असेल तर सरळ सांग: माझ्या भावाला जन्मतः अँटीबॉडी बनत नाहीत, महिन्याला इंजेक्शन घेतो आणि कॉलेज करतो, हे आईकडून आलेलं आहे, मी कॅरिअर आहे, मला स्वतःला काही होणार नाही, आपल्याला मुलगा झाला तर त्याला हे असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि त्यासाठी काय काय करता येतं ते मला माहीत आहे, तुला हवं तर आपण दोघं काउन्सेलरला भेटू. एवढंच. लगेच उत्तर मागू नको, आठवडाभर दे त्याला. त्याला घरी सांगायचं असेल तर कोण कसं सांगेल हे दोघांनी मिळून ठरवा. टेस्ट निगेटिव्ह आली तर सांगायची सक्ती मला वाटत नाही, पण भावाचं हॉस्पिटल लग्नानंतर दिसणारच आहे, तेव्हा घरातली गोष्ट म्हणून आधीच सांगितलेली बरी.

तो नाही म्हणाला तर? म्हणू शकतो. त्रास होईल, खूप होईल, आणि मी "जे होतं ते चांगल्यासाठी" असलं काही तुला सांगणार नाही. पण हे ऐकून घेणारी, दोन प्रश्न विचारून "ठीक आहे, बघू" म्हणणारी माणसं असतात.

लग्नच करू नको का हा तुझा शेवटचा प्रश्न, आणि तो मला सर्वात जास्त लागला, कारण त्याच घरात तुझा १९ वर्षांचा भाऊ राहतो आणि त्याला हे सगळं ऐकू येत असणार. ताईचं लग्न माझ्यामुळे अडून राहिलं, असंच त्याला वाटत असेल. त्याच्याशी बोल. तो आयव्हीआयजी नीट घेत राहिला, दर वेळी छातीकडे लक्ष ठेवलं तर शिक्षण, नोकरी, लग्न सगळं करू शकतो, आणि त्याच्या मुलग्यांना हे होणार नाही, मुली मात्र सगळ्या कॅरिअर असतील, हे त्यालाही आता कळायला हवं. डोस वजनावर असतो म्हणून वय वाढलं तसा खर्च वाढलाय हे तू लिहिलंस, तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात आयव्हीआयजी लागणारे हे आजार आहेत, मुंबईचं केईएम त्यातल्या केंद्रांपैकी एक आहे, तिथे चौकशी करा. केईएमच्याच आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे, ती असल्या इम्युनिटीच्या आजारांवर काम करते.

तू कॅरिअर निघालीस आणि पुढे मूल हवं असेल तर रस्ते बरेच आहेत. गरोदरपणात ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेतून किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलातून तोच एक बदल तपासता येतो. आपल्याकडे लिंगनिदानाला बंदी आहे आणि असायलाच हवी, पण त्याच कायद्यात लिंगाशी जोडलेले जनुकीय आजार शोधायला नोंदणीकृत केंद्रात परवानगी आहे, तेव्हा घाबरून कुठल्या गल्लीतल्या सोनोग्राफीवाल्याकडे जायची गरज नाही. आयव्हीएफ करून आधीच गर्भ तपासता येतो, महाग आणि थकवणारं आहे ते. आणि काही जोडपी यातलं काहीच करत नाहीत, बाळ झाल्यावर लगेच तपासतात आणि गरज असेल तर आजारपण येण्याआधीच इलाज सुरू करतात. कुठला रस्ता बरोबर हे मी सांगणार नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं.

आता ती एक ओळ, मावशीच्या मुलीची. तुझ्या पत्रात सर्वात घाईची गोष्ट ही आहे, साक्षगंध नाही. मामालाही हेच असणार असं धरलं तर आजी कॅरिअर होती, मग मावशी कॅरिअर असण्याची शक्यता निम्मी आणि तिच्या मुलीची पाव. पाचवा महिना म्हणजे गर्भजलाची तपासणी करायची की नाही हे ठरवायला तिच्याकडे फार थोडे आठवडे आहेत, आणि ठरवायचं तिने आहे, तिच्या वतीने तुम्ही गप्प बसून नाही. आईला म्हण आजच मावशीला फोन लाव, फोनवर जमत नसेल तर दोघी जाऊन या, भावाचा रिपोर्ट घेऊन. मावशी आणि तिची मुलगी दोघींची तीच टार्गेटेड टेस्ट एकदम पाठवता येईल. तिला काही तपासायचं नसेल तरी डिलिव्हरीच्या आधी बाळाच्या डॉक्टरांना हे माहीत हवं, कारण आपल्याकडे जन्मल्याबरोबर पोलिओचे थेंब देतात, त्यात जिवंत विषाणू असतो आणि बी पेशी नसलेल्या बाळाला तो द्यायचा नसतो. मुलगा झाला तर फ्लो सायटोमेट्रीने बी पेशी मोजायला रक्त पाठवायचं, पहिल्याच दिवसांत होते ती टेस्ट, आणि रिपोर्ट येईपर्यंत थेंब थांबवायचे. बीसीजी आणि पुढे रोटाव्हायरसचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. नुसती आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी) करून ठीक आहे म्हणू नका, त्या वयात ती आईकडून आलेली असते आणि फसवते. हे सगळं एका कागदावर लिहून तिच्या फाइलमध्ये लावून ये.